सहा रंगांचा सूड

३० नोव्हेंबर, रविवार

काल नोकरी सोडली. सौमित्र डिजिटल, भोईवाडा, कोर्टासमोर. सौमित्र सरांनी (यापुढे फक्त सौमित्र) काढण्याच्या आत आपणच सोडलेली बरी. राजीनामा मनातल्या मनात दिला. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही.

कारण: वाढदिवसाचा बॅनर. गिऱ्हाइकाने ‘हार्दीक’ लिहून आणलं होतं, मी ‘हार्दिक’ केलं. ‘अभिष्टचिंतन’चं ‘अभीष्टचिंतन’ केलं. मग खालची शुभेच्छुकांची नावं तपासायला घेतली. तोवर म्हणे केक कापून झाला. सौमित्र सगळ्यांदेखत म्हणाला, हितेंद्र, तू बाबा शुद्धलेखनाचं दुकान काढ. सगळे हसले. ज्याचा वाढदिवस होता तोही हसला. त्याच्यासाठी मी एवढं केलं आणि तोही!

ठराव: सौमित्रला धुळीला मिळवणे. त्याच्याच धंद्यात उतरून. कप, कीचेन, छोटी छपाई. सब्लिमेशन. खास शाईने कागदावर छापायचं, तो कागद कपाला गुंडाळून तापवायचा. शाईची वाफ होते आणि कपाच्या लेपात शिरते. मग कितीही घासा, जात नाही.

माझा रागही तसाच आहे.

३ डिसेंबर

प्रिंटर निवडायला सुरुवात. सौमित्रकडे चार रंगांचा आहे. मी सहा रंगांचा घेणार. फिकट निळा आणि फिकट किरमिजी हे दोन जास्तीचे असले की चेहऱ्यावर दाणे येत नाहीत. सौमित्रच्या कपांवर सगळ्या बाळांना गोवर झालेला असतो.

दिवसभर व्हिडिओ पाहिले. एक माणूस म्हणतो नवीन घ्या, दुसरा म्हणतो जुना घ्या, तिसरा म्हणतो या धंद्यातच पडू नका. तिसऱ्याचा व्हिडिओ सौमित्रने करवून घेतला असण्याची शक्यता आहे.

७ डिसेंबर

निवड चालू. तक्ता केला आहे. वेग, टाकीचा आकार, हेडची किंमत, आवाज. नम्रता (धाकटी बहीण, बँकेत आहे, म्हणून तिला सगळं कळतं) तक्ता पाहून म्हणाली, दादा, लग्नाला सुद्धा लोक इतकी स्थळं बघत नाहीत. सूड घाईत घेतला की चुका होतात.

९ डिसेंबर, संध्याकाळ

मोठी बातमी. चाळीतल्या बायकांची मीटिंग झाली. यंदाच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवायचं ठरलं, नवरा असो-नसो. राधाकाकी म्हणजे आमच्या चाळीची महिला आघाडी. तिने उठून सांगितलं म्हणे, की यंदाचं वाण शांता देणार. शांता म्हणजे आमची आई.

बाबा गेल्यापासून आई त्या दिवशी दार आतून लावून घेते आणि मटार सोलत बसते. मटार नसले तर तांदूळ निवडते. आज मात्र घरात येरझाऱ्या घालत होती. म्हणाली, हितू, पलास्टिकचा डबो नको आणि आरसो नको. माझा वाण बायकांच्या घरात रवाक होया.

नम्रता म्हणाली कप द्या, चहाला रोज हातात येतील. राधाकाकी म्हणाली, कोर्टासमोरच्या सौमित्रला विचारते.

मी ताडकन उठलो. म्हणालो, आई, तुझे कप तुझा मुलगा छापणार. त्या माणसाच्या दुकानाची पायरी कोणी चढायची नाही. राधाकाकी म्हणाली, अरे पण त्याने केलंय काय? सांगण्यासारखं नाही, असं म्हणालो. काकीने आईकडे फार दयेने पाहिलं.

रथसप्तमीला, २५ जानेवारीला कार्यक्रम. म्हणजे पहिली ऑर्डर सौमित्रच्या तोंडातून काढून घेतली. प्रिंटर यायच्या आधीच सूड सुरू!

१५ डिसेंबर

प्रिंटर आला. गिरगावात एका फोटो स्टुडिओचे अण्णा दुकान बंद करून रत्नागिरीला चालले आहेत. सहा रंगांचा, मजबूत. आईने भिशीचे पैसे दिले. अण्णा म्हणाले, अर्ध्या गिरगावचे पासपोर्ट फोटो याने काढलेत, आजवर एकही माणूस यात हसलेला नाही. म्हणजे यंत्रही गंभीर वृत्तीचं आहे. आमचं जमेल. कप तापवायचा प्रेसही त्यांच्याकडेच मिळाला.

टॅक्सीत मांडीवर घेऊन आलो. ड्रायव्हरला वाटलं आजारी माणूस आहे, इतकी हळू चालव म्हणून सांगत होतो.

१७ डिसेंबर

जुनी शाई आतून पूर्ण काढावी लागते. साधी शाई आणि सब्लिमेशनची शाई एकत्र चालत नाही, सौमित्र आणि मी एका गल्लीत चालत नाही तसंच. सिरिंजने काढली. पिवळा रंग उडाला. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. साबण, रॉकेल, लिंबू, काहीच उपयोग नाही. नम्रता म्हणाली, हळदीकुंकू रथसप्तमीला आहे रे, तुझी हळद आत्ताच लागली?

१९ डिसेंबर

शाईची निवड. शिवडीला गोदामात एक शाईवाला आहे, शर्माजी. कोरियाची, तैवानची आणि इथलीच, अशा तीन प्रकारच्या बाटल्या समोर ठेवल्या. म्हणाले, ये तैवानवाली लो, भोईवाडावाले सौमित्रभाई यही ले जाते हैं.

तैवान बाद.

कोरियाची घेतली. शर्माजी म्हणाले, और कप सफेद लेना. मला कप शिकवतात! ज्याच्या तोंडी सौमित्रभाई आहे त्याचा सल्ला उलटा धरून चालणे.

२२ डिसेंबर

दगाबाजी. पहिला प्रिंट काढला. लाल रंग विटकरीसारखा, निळा पावसात भिजलेल्या शर्टासारखा. सगळं मळकट. शाई नकली आहे. तसाच कागद घेऊन शिवडीला गेलो. रस्त्यात काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द तीन ठिकाणी होता.

शर्माजींनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला कागद पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवला, इस्त्री फिरवली. उचलला तर आत असा लाल की डोळे दिपले. म्हणाले, भाई, ये स्याही गरम हुए बिना बोलती नहीं.

शेवटी त्यांना स्वतःच्या शाईचा दर्जा माझ्यासमोर सिद्ध करावा लागला. माझ्या दबावामुळेच. धडा: रंग दिसला नाही तर उष्णता कमी पडली.

२६ डिसेंबर

शत्रूची टेहळणी. माकडटोपी घालून सौमित्रच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. दुकानात गर्दी. कॅलेंडर, कप, कोणाचं तरी बारसं. घाम फार आला. टोपी नीट करायला हात वर केला, तेवढ्यात त्याने पाहिलं. आधी माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे. मग रस्त्यापलीकडून ओरडला, काय रे हितेंद्र, तब्येत कशी आहे? सांभाळ हां!

उघड धमकी. भर रस्त्यात, कोर्टासमोर!

३० डिसेंबर

कपावरचा मजकूर तयार केला. ‘कै. रघुवीर धोंडू घाडी यांच्या पुण्यस्मरणार्थ त्यांच्या पत्नी श्रीमती शांता रघुवीर घाडी यांजकडून हळदीकुंकू समारंभानिमित्त सप्रेम भेट.’ एकही चूक नाही. सौमित्रच्या उभ्या आयुष्यात त्याने असा कप छापला नसेल.

आईला वाचून दाखवला. तिने परत एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, तेंका जावन वर्सां झाली, आता कपार कित्याक चढयतंस? फक्त शांता लिव. बाजूक शेवंतीचा फूल काड. माका सगळी वळखतत.

मी समजावलं की नुसतं ‘शांता’ अपुरं वाटतं. ती म्हणाली, माका नाय वाटणा.

तडजोड: मजकूर माझाच ठेवला, अक्षर थोडं लहान केलं. फूल आहे.

३ जानेवारी २०२६

आज मला जे सुचलं ते सौमित्रला सात जन्मांत सुचणार नाही.

सौमित्रकडचे कप पांढरे. आता, संक्रांतीला पांढरं कोण वापरतं? संक्रांतीचा रंग काळा. काळी साडी, काळी चंद्रकळा, बाळाला काळं झबलं. हिंदमाताला कपड्यांच्या दुकानांबाहेर सगळं काळं लटकलं आहे. आणि हा माणूस संक्रांतीच्या वाणाला पांढरे कप विकतो! संस्कृतीचा गंध नाही.

मशीद बंदरला गेलो. काळे कप मागितले. दुकानदार म्हणाला, मॅजिकवाले? गरम चहा ओतल्यावर काळा रंग जातो आणि आतला फोटो दिसतो तो? मी म्हणालो, जादू नको, साधे काळे द्या. काळा रंग गेला तर कसं चालेल, तोच तर मुद्दा आहे. तो म्हणाला, प्रिंट करणार का यावर? मी म्हणालो, ते माझं मी बघतो. त्याने खांदे उडवले. दोन खोकी. परत घेणार नाही म्हणाला. परत करतो कोण!

काळ्या कपावर पिवळी शेवंती. कल्पनेनेच अंगावर काटा येतो. सौमित्रच्या अंगावर येईल तो वेगळा.

८ जानेवारी

पहिला कप. कागद उलटा छापला (आरशातल्यासारखा, कपावर सुलटा उतरतो), टेप लावली, प्रेसमध्ये घातला. घंटी वाजली. कागद सोलला.

काही नाही. कप जसा होता तसा. काळा.

धडा आठवला: उष्णता कमी.

९ जानेवारी

उष्णता वाढवली. काही नाही.

१० जानेवारी

वेळ वाढवला. काही नाही. कागदावरची शाई मात्र गेलेली असते. म्हणजे कपावर गेली. म्हणजे कपावर आहे. मग दिसत का नाही? शाईत खोट. शर्माजी आणि सौमित्र एकमेकांशी बोलतात याचा पुरावा माझ्याकडे १९ डिसेंबरपासून आहे.

१२ जानेवारी

दुसऱ्या दुकानातून दुसरी शाई आणली. तैवानची नाही. पहिली सगळी काढली. आता दोन्ही हात निळे. पिवळ्यावर निळा, म्हणजे खरं तर हिरवे.

संध्याकाळी यश! कप खिडकीपाशी तिरपा धरला, थोडं वाकून, उजवा डोळा मिटून पाहिलं तर ‘पुण्यस्मरणार्थ’ स्पष्ट दिसतं. चकाकीत चकाकी. अतिशय श्रीमंत काम. मोठ्या हॉटेलांत असं असतं.

आईला बोलावलं. तिने कप हातात घेतला, फिरवला, पदराने पुसला, परत फिरवला. म्हणाली, माका काय्येक दिसणा नाय. मी म्हणालो, तिरपा धर. तिने धरला. खूप वेळाने म्हणाली, बायकांनी वाण घेवन वाकडी मान करून रवाचा काय रे?

जुन्या पिढीला प्रीमियम कळत नाही.

१४ जानेवारी, मकरसंक्रांत

सकाळी सौमित्रचा मेसेज. तिळगूळ घ्या, गोड बोला. त्याखाली वेगळी ओळ: काळजी घे रे, काही लागलं तर सांग.

‘काळजी घे.’ मुद्दाम. खंडणीवाले असंच लिहितात. उत्तर दिलं नाही. ‘तिळगूळ’ बरोबर लिहिलं होतं, त्याचंही वाईट वाटलं.

१६ जानेवारी

आणखी उष्णता. दोन कपांचे कान निखळले. धूर. राधाकाकी धावत आली, तिला वाटलं गॅस. खोलीत शिरली, टेबलावर काळे कप ओळीने मांडलेले पाहिले. एक उचलला. म्हणाली, हितू, हे छापायचे बाकी ना रे?

ते छापलेले होते.

काकी कप खाली ठेवून आईशी आत काहीतरी कुजबुजली. नम्रताने नंतर सांगितलं, आई म्हणते रथसप्तमीला मी गावाला गेले म्हणून सांगा. वाण न्यायला नाही तर जाऊ कोणत्या तोंडाने. म्हणते, इतकी वर्षं दार लावलं, आणखी एक वर्ष लावते.

मी म्हणालो, आईला घाबरायची सवय आहे. नम्रता म्हणाली, आणि तुला? मग बाहेर निघून गेली. हल्ली फार उलट बोलते.

आई रात्री जेवली नाही. कपांच्या धुराने भूक गेली असेल.

१९ जानेवारी

आई आज एकदम खुशीत. काळी साडी नेसून सकाळीच नम्रताबरोबर कुठेतरी जाऊन आली. येताना शेवंतीच्या वेण्या आणल्या. कपांबद्दल एक शब्द नाही. मी म्हणालो, होतील गं. ती म्हणाली, होतले रे बाबा, होतले. तू जेव.

आईचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. त्या विश्वासाला जागायचं. पांढरे कप आणावे का, असा विचार आला. म्हणजे हार नव्हे. काळ्याचा प्रयोग पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणे.

२१ जानेवारी

मशीद बंदर. पांढरे कप संपले. दुकानदार म्हणाला, हळदीकुंकवाचा सीझन आहे, शेवटची पेटी परवा भोईवाड्याचा माणूस घेऊन गेला.

आता सगळं उघड झालं. त्याने बाजारातले कप आवळून धरले आहेत. माझ्या आईचं वाण अडवलं. बॅनरची गोष्ट मी एकवेळ विसरलो असतो. ही नाही.

परवा समोरासमोर. भाषण लिहून काढलं, पाठ केलं, शुद्धलेखन तपासलं. (बोलायचं आहे, तरीही.)

२३ जानेवारी

दुपारी दुकानात शिरलो. बाहेर रांग, आत दोन प्रेस चालू, टेपचे तुकडे सगळीकडे. मी काउंटरसमोर उभा राहून म्हणालो, सौमित्र, आज सोक्षमोक्ष.

एवढं म्हणालो की नाही आठवत नाही. त्याने मान वर केली, त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, अरे हित्या! उठलास का अंथरुणातून? बरं झालं आलास, हा कागद धर जरा, सरकतोय.

मी धरला. सरकत होता म्हणून धरला. मग टेप लावली. त्याला टेप सरळ लावता येत नाही, आजवर आली नाही. मी म्हणालो, द्या इकडे सर.

‘सर’ तोंडातून गेलं.

संध्याकाळपर्यंत टेप लावत होतो. मध्ये त्याने चहा मागवला, माझ्यासाठी वेगळा ग्लास. म्हणाला, काविळीत उष्टं नको. मी म्हणालो, कसली कावीळ? तो म्हणाला, अरे डिसेंबरमध्ये तुला पाहिलं ना, हात पिवळेजर्द, भर उन्हात माकडटोपी. तेव्हाच कळलं, तू येत का नाहीस ते. घरी येणार होतो बघायला, पण सीझन. तुझी खुर्ची कोणाला दिलेली नाही हां.

मी म्हणालो, तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोललात. तो म्हणाला, कोणत्या दिवशी? मी सांगितलं. तो आठवू लागला. मनापासून आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. शेवटी म्हणाला, असेन बोललो बाबा, मी काय, आईलाही बोलतो. मग म्हणाला, पण काळ्यावर छापायचा प्रयत्न केलास म्हणे? या शाईत पांढरा रंग नसतो रे. खालचा पांढरा असेल तरच वरचे रंग दिसतात. काळ्यावर सहा काय, साठ रंग ओत.

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

तो गडबडला. उत्तर द्यायच्या आत मला दिसलं. माझ्या हातात जो कागद होता, दुपारपासून मी जो कपामागून कप गुंडाळत होतो, त्यावर शेवंतीचं फूल होतं आणि शेजारी ठळक अक्षरं. उलटी असल्यामुळे लक्षात आलं नव्हतं. एवढंच होतं: शांता.

म्हणाला, काकू आल्या होत्या स्वतः. तुला सांगू नकोस म्हणाल्या, आजारी माणसाला लागेल.

आई ‘आजारी’ म्हणाली की हा म्हणतोय, ते विचारलं नाही. उरलेल्या कपांना टेप लावली. सरळ.

२५ जानेवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू पार पडलं. पुरुषांना बाहेर गॅलरीत काढलं होतं. मी आणि सौमित्र. तो कपांची खोकी पोचवायला आला होता, राधाकाकीने जाऊच दिलं नाही.

दार उघडं होतं. आधी आई भिंतीला टेकून उभी होती, पुढे येईना. राधाकाकीने करंडा घेतला, तिच्यासमोर गेली आणि म्हणाली, शांते, वर बघ, नाकावर सांडेल. आईने वर पाहिलं. काकीने हळद लावली, कुंकू लावलं. बायका हातातलं सोडून बघत होत्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, अगो, चहा उकळतोय! आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या.

आईने एकेकीला कप दिला. पांढरा, पिवळी शेवंती, शांता. एकीलाही मान वाकडी करावी लागली नाही.

मला सौमित्रला धुळीला मिळवायचा ठराव पुन्हा आठवत होता. हा माणूस शेजारी उभा आहे, एकटा आहे, गर्दी नाही. आत्ताच बोलून टाकायचं. काय बोलायचं तेवढं सापडत नव्हतं.

तेवढ्यात आई दारात आली. हातात ट्रे. मागे बायकांचा घोळका, त्यात शेजारच्या चाळीतल्याही. आई त्यांना मोठ्याने सांगत होती, हे कप माझ्या हितून केल्यान, दोन महिने रातचो दिस केल्यान. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. एक म्हणाली, नशीबवान गो शांता. दुसरी म्हणाली, रंग किती सुरेख रे, कुठल्या मशीनचा?

मी सौमित्रकडे पाहिलं. आता हसेल. आता सगळ्यांसमोर सांगेल. त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं, तारखेसकट.

तो चिवड्याची बशी खाली ठेवून म्हणाला, हो, यानेच केले. आमच्याकडे याच्याइतकं बारीक काम कोणालाच जमत नाही.

आईने त्याच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले. माझ्या हातावर एक.